फैजपूरचे टिळकनगर आणि कलाशिक्षक नंदलाल बोस

डिसेंबर १९३६ च्या अखेरच्या आठवड्यात पूर्व खानदेशातील फैजपूर या गावी राष्ट्रीय सभेचे पन्नासावे अधिवेशन भरले. तोवरची अधिवेशने लहानमोठ्या शहरांतून होत आली होती. वऱ्हाडाने १८९७ साली अमरावतीस सर शंकरन् नायर यांच्या अध्यक्षतेखाली जे अधिवेशन पाहिले, तेही एका शहरातलेच होते. खेड्यात भरणारे अधिवेशन हे पहिले. स्वागताध्यक्ष शंकरराव देव होते, अध्यक्षपदी जवाहरलाल नेहरू होते आणि साने गुरुजींसारखे कार्यकर्ते त्यासाठी खानदेशातील गावे पालथी घालीत होते. या अधिवेशनाचा शेतीविषयक कार्यक्रम व नेहरूंचे अध्यक्षीय भाषण यांची चर्चा राजकीय इतिहासाच्या ग्रंथांतून पुरेशी झाली आहे. परंतु ज्या नगरात हे सर्व घडले ते ‘टिळकनगर’ उभे कसे राहिले, आणि ते उभारण्याची कामगिरी एका बंगाली चित्रकाराकडे, तीही एका कलाशाळेच्या प्रमुखाकडे, का सोपविण्यात आली, या प्रश्नाकडे फारसे लक्ष गेलेले नाही.

तो चित्रकार म्हणजे नंदलाल बोस (१८८२-१९६६). कलेच्या इतिहासात त्यांचे नाव बंगाल शैली, शांतिनिकेतन आणि हरिपुरा येथील चित्रफलक या तीन संदर्भांत घेतले जाते. फैजपूरचा उल्लेख येतो तो हरिपुऱ्याची पूर्वतयारी म्हणून, एखाद्या वाक्यापुरता. याचे एक कारण अगदी साधे आहे. हरिपुऱ्याचे फलक कागदावर रंगविलेले होते, ते टिकले व पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात पोहोचले. फैजपूरचे काम बांबूचे आणि गवताचे होते. अधिवेशन संपले, मांडव उतरले, आणि काही छायाचित्रे व समकालीनांचे उल्लेख यांखेरीज मागे काही उरले नाही. जे टिकते त्याचाच इतिहास लिहिला जातो, हा दोष कलेच्या इतिहासात विशेषच आढळतो. तथापि नंदलालांच्या राजकीय भूमिकेचा विचार करावयाचा झाल्यास फैजपूर हेच त्यांच्या कारकीर्दीचे मध्यस्थान मानावे लागते. त्यांच्या चित्रांच्या विषयांत राजकारण शोधू गेल्यास फारसे हाती लागत नाही. त्यांचे राजकारण चित्र कशाचे बनविले, ते कोठे लावले आणि कोणाच्या हातून करवून घेतले, यांत होते. आणि या तिन्ही गोष्टी प्रथम एकत्र आल्या त्या फैजपुरास.

नंदलालांचा जन्म ३ डिसेंबर १८८२ रोजी बिहारमधील मुंगेर जिल्ह्यात खडगपूर येथे झाला. १९०५ च्या सुमारास ते कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेत अवनींद्रनाथ टागोरांचे शिष्य झाले. ते वंगभंगाचे वर्ष. स्वदेशीची चळवळ जोरात होती आणि अवनींद्रनाथांनी ‘भारतमाता’ हे चित्र त्याच वर्षी काढले होते. त्या काळच्या बंगाली तरुण चित्रकारांपुढे स्वदेशी म्हणजे प्रामुख्याने विषयाची स्वदेशी होती. पुराणे, बुद्धचरित्र, रजपुतांच्या कथा यांतून प्रसंग घ्यावयाचे आणि विलायती तैलरंगांऐवजी जलरंगात, मोगल वा जपानी पद्धतीचा आधार घेऊन ते रंगवावयाचे, अशी ती रीत होती. नंदलालांची आरंभीची चित्रे याच रीतीची आहेत. भगिनी निवेदिता व आनंद कुमारस्वामी यांच्या हिंदू व बौद्ध पुराणकथांच्या ग्रंथासाठी (१९१३) अवनींद्रनाथांच्या देखरेखीखाली जी चित्रे तयार झाली त्यांत नंदलालांचाही वाटा होता. ग्रंथचित्रकार म्हणून त्यांची ओळख येथून सुरू होते.

परंतु त्यापूर्वीच महाराष्ट्राच्या भूमीवर त्यांच्या दृष्टीला वेगळे वळण लागले होते. लेडी हेरिंगहॅम या इंग्रज विदुषीने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याचे काम हाती घेतले होते. १९०९-१० च्या हिवाळ्यात त्या कामासाठी कलकत्त्याहून काही तरुण चित्रकार आले. नंदलाल, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त आणि म्हैसूरचे वेंकटप्पा हे त्यांत होते. तरुणांना तेथे पाठविण्यासाठी निवेदितांचा आग्रह होता. लेण्यांतील अंधुक प्रकाशात, खरवडलेल्या भिंतींपुढे तासन् तास उभे राहून रेषा उतरवून घेण्याचे हे काम होते. त्यातून नंदलालांनी अलंकरणाचे व आकृतींच्या रचनेचे ज्ञान मिळविले, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे. परंतु अधिक महत्त्वाची गोष्ट निराळी होती. अजिंठ्याचे चित्र हातात घेऊन पाहावयाचे नसते. ते भिंतीवर असते, त्यापुढून माणसे जातात, ते अनेक हातांचे असते आणि त्याखाली कोणाचे नाव नसते. कलकत्त्याच्या प्रदर्शनांतून चौकटीत बसविलेली लहान जलरंगी चित्रे पाहणाऱ्या व करणाऱ्या तरुणाला हा अनुभव केवळ शैलीचा नव्हता. अजिंठ्याची लेणी आणि फैजपूर यांमधील सरळ अंतर शंभर किलोमीटरही भरत नाही. सत्तावीस वर्षांनी नंदलाल पुन्हा याच मुलखात आले तेव्हा त्यांनी जे केले, त्याचे बीज या हिवाळ्यात शोधणे अवास्तव ठरू नये.

शांतिनिकेतनातील कलाभवनाची स्थापना १९१९ ची. १९२२ पासून नंदलाल त्याचे प्रमुख झाले आणि १९५१ पर्यंत त्या पदावर राहिले. रवींद्रनाथांच्या या संस्थेत त्यांनी जी शिक्षणपद्धती रुजविली तिचे स्वरूप पाहिल्यावाचून फैजपूरचा उलगडा होत नाही. त्या काळातील सरकारी कलाशाळा, मग ती कलकत्त्याची असो वा मुंबईची, परीक्षा, श्रेणी आणि नमुन्यावरून रेखाटन यांवर चाले. कलाभवनात निसर्गाचे निरीक्षण, परंपरेचा अभ्यास आणि विद्यार्थ्याची स्वतःची कल्पना या तिन्हींना सारखे स्थान देण्याचा प्रयत्न होता. त्यांच्या जोडीला कारागिरी होती. विणकाम, चर्मकाम, लाकडी व लिनोचे ठसे, अल्पना अर्थात रांगोळी, उत्सवांची सजावट, नाटकांची वेषभूषा या गोष्टी मुख्य अभ्यासक्रमाबाहेरच्या समजल्या जात नसत. १९३०च्या दशकात विद्यार्थी व शिक्षकांनी मिळून मातीच्या भिंतींचे वसतिगृह उभारले आणि त्या भिंतींवर उठावाची शिल्पे केली. ते ‘कालो बाडी’ या नावाने प्रसिद्ध आहे. विनोदबिहारी मुखर्जी आणि रामकिंकर बैज ही या शाळेतील पहिल्या पिढीची नावे. कोल्हापूरचे विनायक शिवराम मासोजी हे मराठी चित्रकार याच शाळेत शिकले व पुढे तेथेच शिक्षक झाले, हे मराठी वाचकांच्या सहसा ध्यानात नसते.

मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेतही या काळात भित्तिचित्रणाला मोठे उत्तेजन मिळत होते, हे येथे नमूद केले पाहिजे. प्राचार्य ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी त्यासाठी वर्ग चालविला. १९२०च्या दशकाच्या अखेरीस नव्या दिल्लीतील साम्राज्य सरकारच्या सचिवालयाच्या भिंती त्या शाळेतील मराठी-गुजराती चित्रकारांनी रंगविल्या. कलेच्या दृष्टीने ते काम उपेक्षणीय नव्हते. ‘भारतीय’ कोण, मुंबईचे की बंगालचे, हा वादही वर्तमानपत्रांतून रंगला. परंतु एका शाळेचे विद्यार्थी साम्राज्याच्या कचेरीची भिंत सजवितात आणि दुसऱ्या शाळेचे विद्यार्थी काही वर्षांनी खेड्यातील मांडव सजवितात, हा फरक शैलीच्या वादाने झाकला जाऊ नये.

रवींद्रनाथ आणि गांधी यांच्यातील मतभेद प्रसिद्ध आहेत. असहकाराच्या चळवळीविषयी रवींद्रनाथांनी १९२१ साली शंका व्यक्त केल्या, १९२५ साली चरख्याच्या पंथावर त्यांनी कठोर टीका केली. नंदलाल रवींद्रनाथांच्या संस्थेत सेवा करीत होते आणि त्यांची निष्ठा गांधींकडेही होती. या दोहोंत त्यांची ओढाताण झाली असेल असे गृहीत धरण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात त्यांनी दोघांकडून एकच गोष्ट उचलली असे दिसते. श्रीनिकेतनातील ग्रामपुनर्रचनेच्या कार्यातून रवींद्रनाथ ज्या खेड्याकडे वळत होते, त्याच खेड्याकडे गांधी खादीच्या मार्गाने जात होते. श्रीनिकेतनात १९३० साली नंदलालांनी ‘हलकर्षण’ हे भित्तिचित्र केले. नांगरणीचा उत्सव हा त्याचा विषय आहे. त्याच वर्षी रवींद्रनाथांच्या ‘सहज पाठ’ या मुलांच्या वाचनपुस्तकासाठी त्यांनी लिनोच्या ठशांची चित्रे केली. आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये, दांडीयात्रेनंतर, हातात काठी घेतलेल्या गांधींचा तो लिनो-ठसाही त्यांनी कोरला, जो पुढे त्या चळवळीचे चिन्हच बनला.

या तीन कृतींचे एकाच वर्षी होणे योगायोगाचे मानता येत नाही. लिनोचे माध्यम स्वस्त असते. ठसा एकदा कोरला की हव्या तितक्या प्रती निघतात आणि मुलांच्या पुस्तकाला जे तंत्र चालते तेच राजकीय चित्रालाही चालते. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषेने उठविलेली ती आकृती पाहिली तर तीत क्रोध नाही, शत्रू नाही, इंग्रज शिपाई नाही. एक माणूस चालतो आहे, एवढेच. ग्रंथचित्रकाराला जी काटकसर शिकावी लागते, एका आकृतीत सबंध पानाचा अर्थ बसवावा लागतो, ती काटकसर येथे राजकारणाच्या कामी आली आहे. त्याच काळात युरोपात व चीनमध्ये लाकडी ठशांतून जी राजकीय चित्रे निघत होती, त्यांतील आक्रोश येथे नाही.

एप्रिल १९३६ मध्ये लखनौ येथे नेहरूंच्याच अध्यक्षतेखाली अधिवेशन झाले. त्या वेळी भारतीय कलेचे एक प्रदर्शन नंदलालांनी मांडले व त्याचे उद्घाटन गांधींनी केले. प्राचीन चित्रांच्या प्रतिकृतींपासून समकालीन चित्रकारांपर्यंतचा पट त्यात होता. लखनौचे प्रदर्शन अधिवेशनाला जोडलेले होते. अधिवेशन जेथे बसे तो मांडव अद्याप चित्रकाराच्या हाती नव्हता.

गांधी ३० एप्रिल १९३६ रोजी वर्ध्याजवळील शेगाव या खेड्यात राहावयास गेले. (वऱ्हाडातील शेगावशी नाव एकच असल्याने टपालाचा घोटाळा होऊ लागला, म्हणून १९४० साली या गावाचे नाव सेवाग्राम ठेवण्यात आले.) पुढील अधिवेशन खेड्यात भरवावयाचे, हा त्यांचाच आग्रह होता. अधिवेशनापूर्वी दोनएक महिने त्यांनी नंदलालांना बोलाविले, आपल्याला काय हवे ते सांगितले आणि त्याला आकार देण्याचे काम त्यांच्यावर सोपविले. प्रदर्शनाचे उद्घाटन करताना गांधींनी नगराच्या रचनेचे श्रेय वास्तुविद म्हात्रे आणि चित्रकार नंदलाल यांना दिले. नंदलाल हे निर्माते कलावंत आहेत, आपण तसे नाही, असे त्यांनी त्या प्रसंगी म्हटले. म्हात्र्यांचे नाव पुढे विस्मरणात गेले आणि नंदलालांचे मागे उरले. सहकार्याच्या कामात असे नेहमीच घडते.

गांधींची अट साधी आणि अवघड होती. नगर उभारण्यास लागणारे साहित्य खेड्याच्या परिसरातून मिळावे, काम खेड्यातील कारागिरांनी करावे, आणि खेडुताला तेथे परकेपणा वाटू नये. त्याप्रमाणे बांबू, गवत आणि चटया यांनी कमानी, मांडव व कुट्या उभ्या राहिल्या. अध्यक्षांच्या मिरवणुकीसाठी मोटार न वापरता नंदलालांनी सजविलेला रथ होता व तो सहा बैलजोड्या ओढीत होत्या. खानदेश-वऱ्हाडच्या शेतकऱ्याला पोळ्याच्या दिवशी बैल सजविणे ठाऊक असते. शिंगांना रंग, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळा ही त्याची वर्षातून एकदा होणारी चित्रकला. राष्ट्रीय सभेचा अध्यक्ष बैलांच्या रथातून येतो, तेव्हा त्या शेतकऱ्याची ही कला प्रथमच राजकीय समारंभाच्या मध्यभागी येते. शहरी सुशिक्षितांना यात पुरातनाचा सोस दिसला असल्यास नवल नाही. परंतु कलाभवनात अल्पनेला जो मान होता तोच मान येथे झुलीला व बांबूच्या विणीला मिळत होता, हे ध्यानात घेतले म्हणजे हा केवळ देखावा नव्हता हे पटते.

या ठिकाणी वऱ्हाडाच्या बाजूने एक निरीक्षण नोंदविण्यासारखे आहे. अकोल्याजवळील बार्शीटाकळी या बाजाराच्या गावी देवीचे जुने हेमाडपंती देऊळ आहे. अशी कोरीव देवळे वऱ्हाडात अनेक आहेत. लोणारचे दैत्यसूदनाचे देऊळ त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. त्या भिंतींवरील शिल्पे पाहण्यासाठी कोणी वेगळा वेळ काढीत नसे. माणसे देवदर्शनाला वा बाजाराला येत आणि जाता-येता शिल्पे त्यांच्या नजरेखालून जात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कला-प्रदर्शनाची विलायती पद्धत आली, तेव्हा हा संबंध तुटला. चित्र पाहण्यासाठी मुद्दाम जावे लागू लागले, बहुधा तिकीट काढून, आणि बार्शीटाकळीच्या शेतकऱ्याला ते जाणे शक्यच नव्हते. फैजपुरास नंदलालांनी केले ते एवढेच की जेथे माणसे दुसऱ्या कामासाठी जमणार होती तेथे कला नेऊन ठेवली. त्यांच्या विचारात नवे काही असेल तर ते हे. आणि ते जुनेच होते.

मात्र फैजपूरच्या खेड्याचे हे चित्र निर्विवाद नव्हते. अखिल भारतीय किसान सभेचे अधिवेशनही त्याच वेळी तेथे प्रा. रंगा यांच्या अध्यक्षतेखाली भरले. भुस्कुटे व बुखारी यांच्या नेतृत्वाखाली पाचशेहून अधिक शेतकरी मनमाडहून दोनशे मैलांची पदयात्रा करीत आले आणि नेहरू, शंकरराव देव, डांगे, मानवेंद्रनाथ रॉय प्रभृतींनी त्यांचे स्वागत केले. या शेतकऱ्यांच्या मागण्या खंड, कर्ज व जमीनमहसूल यांविषयीच्या होत्या. टिळकनगराच्या कमानींत जे खेडे दिसत होते ते कारागिरांचे, सणांचे, समतोलाचे खेडे होते. मनमाडहून चालत आलेले खेडे कर्जात बुडालेले होते. एकाच मैदानावर ही दोन खेडी शेजारी उभी होती, आणि चित्रकाराने त्यांपैकी एकाचीच सजावट केली.

याहून मूलगामी आक्षेप त्या वर्षी महाराष्ट्रातूनच आला होता, मात्र त्याचा रोख नंदलालांवर नव्हता. डॉ. आंबेडकरांचा जातिसंस्थेच्या निर्मूलनावरील निबंध १९३६ च्या मे महिन्यात प्रसिद्ध झाला. ऑगस्टमध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. गावाची जी घडी गांधींना पुन्हा बसवावयाची होती, ती घडी जातीवर आधारलेली आहे, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होते. चर्मकार, बुरूड, कुंभार यांच्या कसबाचा गौरव करणे आणि त्या कसबाला जन्माने जखडलेल्या माणसाची सुटका करणे ही दोन निराळी कार्ये आहेत. कलाभवनात चर्मकाम शिकणारा विद्यार्थी ते आवडीने शिकत होता. खानदेशातील चर्मकाराला ती निवड नव्हती. नंदलालांच्या लेखनात कारागिराविषयी अपार आदर आहे, पण हा प्रश्न त्यांनी विचारलेला दिसत नाही. त्यांच्या राजकीय दृष्टीची मर्यादा कोठे पडते ते येथे स्पष्ट होते. हा दोष त्यांच्या एकट्याचा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. ती त्यांच्या पक्षाची मर्यादा होती.

हरिपुऱ्याचे अधिवेशन फेब्रुवारी १९३८ मध्ये सुभाषचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली तापीच्या काठी झाले. तेथील विठ्ठलनगरासाठी नंदलाल व त्यांच्या विद्यार्थ्यांनी सुमारे चारशे फलक तयार केले. त्यांपैकी ऐंशीहून अधिक खुद्द नंदलालांच्या हातचे असून उरलेले बहुतेक विद्यार्थ्यांनी त्यांवरून केलेल्या प्रती होत. मातीच्या रंगांनी, जाड व वेगवान कुंचल्याने, पट-चित्रकारांच्या पद्धतीचा आधार घेऊन ते रंगविलेले आहेत. ढोलकी वाजविणारा, सुतार, चांभार, शिंपी, शिकारी, मुलाला घेतलेली आई हे त्यांचे विषय. एकाही फलकावर पुढाऱ्याचे चित्र मुख्य विषय म्हणून येत नाही. राजकीय अधिवेशनाच्या प्रवेशद्वारी पुढाऱ्याऐवजी चांभाराचे चित्र लावणे ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. वर उल्लेखिलेली मर्यादा मान्य करूनही एवढे म्हणावे लागते की फैजपुरास जे साहित्याच्या रूपाने आले होते, ते हरिपुऱ्यास माणसाच्या रूपाने आले.

मूळ फलक आणि त्यांच्या प्रती यांत भेद करण्याचा संग्राहकांचा प्रयत्न समजण्यासारखा आहे. परंतु त्या कामाच्या मूळ हेतूला तो सोडून आहे. गुरूने एक फलक करावा, शिष्यांनी त्याच्या प्रती कराव्यात, उन्हावाऱ्यात ते मांडवाला टांगावेत आणि अधिवेशन संपल्यावर त्यांचे जे होईल ते होवो, अशी ती योजना होती. कलाभवनाचा वर्ग आणि अधिवेशनाचा मांडव यांतील सीमारेषा येथे नाहीशी झाली आहे. ज्या शिक्षकाचे विद्यार्थी वर्षभर उत्सवांची सजावट करतात, त्यालाच इतक्या थोड्या अवधीत चारशे फलक उभे करता येतात. राजकीय संघटनेला चित्रकार हवा होता. तिला प्रत्यक्षात मिळाली ती एक शाळा.

स्वातंत्र्यानंतर याच शाळेकडे आणखी एक काम आले. भारतीय राज्यघटनेची हस्तलिखित प्रत सजविण्याचे ते काम होते. इंग्रजी प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी लिहिली, हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्य यांच्या हातची आहे. चित्रांची योजना नंदलालांची, आणि प्रत्यक्ष चित्रणात त्यांच्या विद्यार्थी-सहकाऱ्यांचा मोठा वाटा होता. वर उल्लेखिलेले विनायक मासोजी त्यांत होते. उद्देशिकेच्या पानाची नक्षी जबलपूरचे ब्योहार राममनोहर सिंह यांची. घटना समितीच्या सभासदांनी २४ जानेवारी १९५० रोजी या प्रतींवर सह्या केल्या.

घटनेच्या बावीस भागांच्या आरंभी एकेक चित्र आहे आणि ती सर्व मिळून भारताचा एक इतिहास सांगतात. मोहेंजोदडोच्या वृषभ-मुद्रेपासून तो सुरू होतो. मग वैदिक आश्रम, रामायण, गीता, बुद्ध, महावीर, अशोक, नालंदा, नटराज, अकबर. पंधराव्या भागाच्या शिरोभागी शिवाजी महाराज व गुरू गोविंदसिंग यांची चित्रे आहेत, सोळाव्याच्या शिरोभागी टिपू सुलतान व राणी लक्ष्मीबाई. पुढे दांडी, नौखाली, सुभाषचंद्र, आणि शेवटी हिमालय, वाळवंट व समुद्र. चित्र आणि त्याखालील मजकूर यांची सांगड सर्वत्र अभिप्रेत नव्हती, हे उघड आहे. निवडणुकांच्या भागावर शिवाजी महाराज येतात ते कालक्रमाने. तरीही एका ठिकाणी वाचकाला थांबावेच लागते. मूलभूत हक्कांचा तिसरा भाग, ज्यात अस्पृश्यता नष्ट करणारे सतरावे कलम आहे, त्याच्या शिरोभागी लंकाविजयानंतरच्या राम, सीता व लक्ष्मणाचे चित्र आहे. मसुदा समितीचे अध्यक्ष असलेल्या आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी याच घटना समितीत खेड्याच्या गौरवावर टीका करून व्यक्ती हा घटनेचा घटक मानल्याबद्दल समाधान व्यक्त केले होते. मजकूर एका दृष्टीचा आणि चित्र दुसऱ्या दृष्टीचे, असे हे दुहेरी पुस्तक आहे.

नंदलालांच्या कारकीर्दीच्या दृष्टीने पाहता आणखी एक फरक जाणवतो. हरिपुऱ्याचा सुतार, चांभार आणि ढोलकीवाला घटनेच्या भागारंभीच्या चित्रांत राहिले नाहीत. त्यांची जागा राजे, संत व वीर यांनी घेतली. प्रजेचे अधिवेशन भरत होते तेव्हा प्रवेशद्वारी प्रजा होती. प्रजेचे राज्य आले तेव्हा ग्रंथात राजे आले. या बदलाचे उत्तर चित्रकाराच्या वृद्धत्वात शोधणे पुरेसे नाही. अधिवेशनाचा मांडव चार दिवसांचा असतो व तो पाहणारा शेतकरी समोर असतो. घटनेची प्रत कायमची असते आणि ती काचेखाली ठेवावयाची असते. फैजपुरास मिळालेले बंधन, म्हणजे साहित्य येथले, हात येथले, पाहणारा येथला, ते बंधन या ग्रंथाला नव्हते. बंधन सुटताच विषय जुन्या मार्गाने, १९०५ च्या स्वदेशीच्या मार्गाने, परत आला असे म्हणण्यास जागा आहे.

शासनाने नंदलालांना १९५४ साली पद्मविभूषण दिले. १६ एप्रिल १९६६ रोजी त्यांचे निधन झाले. ‘शिल्पकथा’ व ‘शिल्पचर्चा’ ही त्यांची बंगाली पुस्तके कलाशिक्षकांनी आजही वाचावीत अशी आहेत. मराठीत त्यांचा परिचय व्हावा तितका झालेला नाही.

फैजपूरचा धागा विदर्भात मात्र तुटला नाही. डेहराडून येथे १९२१ साली जन्मलेले देवीप्रसाद १९३८ मध्ये, म्हणजे हरिपुऱ्याच्याच वर्षी, कलाभवनात दाखल झाले आणि शिक्षण संपवून १९४४ साली सेवाग्रामच्या नई तालीम शाळेत कलाशिक्षक म्हणून आले. ती शाळा चालविणारे आर्यनायकम् व आशादेवी हे दांपत्यही पूर्वी शांतिनिकेतनात होते. देवीप्रसाद अठरा वर्षे सेवाग्रामला राहिले. मुलाला मोठ्या माणसाच्या चित्राची नक्कल करावयास लावू नये, त्याच्या वयाप्रमाणे त्याचे चित्र बदलत जाते व तो बदल शिक्षकाने ओळखावा, हे त्यांच्या अध्यापनाचे सूत्र होते. ‘बच्चों की कला और शिक्षा’ या त्यांच्या हिंदी पुस्तकात ते सविस्तर आले आहे. सूत आणि शेती यांभोवती बांधलेल्या मूलोद्योगी शिक्षणात रंग व कुंचला यांना जागा मिळवून देणे सोपे नव्हते. उपयुक्ततेच्या कसोटीला चित्र उतरत नाही, अशी शंका गांधीवादी वर्तुळात नेहमीच घेतली जाई. देवीप्रसादांनी तिला उत्तर दिले ते नंदलालांच्या पद्धतीने. शाळेत मातीकाम आणि भट्टी आली, मुलांची चित्रे सणांच्या व सभांच्या सजावटीत आली, आणि कला हा वेळापत्रकातील निराळा तास राहिला नाही. ‘नई तालीम’ या मासिकाचे संपादनही त्यांनी केले.

१९६२ साली देवीप्रसाद ‘वॉर रेझिस्टर्स इंटरनॅशनल’ या युद्धविरोधी संघटनेचे सरचिटणीस म्हणून लंडनला गेले व १९७२ पर्यंत त्या पदावर राहिले. तो व्हिएतनामच्या युद्धाचा काळ होता. सक्तीच्या लष्करभरतीस नकार देणाऱ्या तरुणांची बाजू मांडणे हे त्या संघटनेचे मुख्य काम होते. पुढे भारतात परतल्यावर त्यांनी दिल्लीत कुंभाराचे चाक पुन्हा हाती घेतले, संघटनेचा इतिहास लिहिला, आणि २०११ साली त्यांचे निधन झाले.